पावसाळ्यानंतर कंट्रोल जड लागतायत: रॉड एंड आणि बेलक्रँकच्या बेअरिंगला काय लावायचं, किती लावायचं?

शिकाऊ_ओझर

नमस्कार मंडळी. विमान सेसना १७२ एम, सत्तरच्या दशकातलं. नाशिकजवळच्या एका हँगरमध्ये जून ते ऑक्टोबर जवळजवळ उभंच होतं. आता वार्षिक तपासणीसाठी उघडलंय, तर पुढच्या गोष्टी दिसतायत.

योक (कॉकपिटमधलं हातातलं चाक) पुढे-मागे करताना मध्यावर किंचित अडकतो, मग एकदम सुटतो. डावा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर जाताना कुईकुई करतो. एलरॉन हलवणार्‍या दांड्याच्या, म्हणजे पुशरॉडच्या, टोकाचे रॉड एंड (बॉल बसवलेले सांधे) कोरडे ठाक आहेत आणि बॉलच्या कडेला तांबूस भुकटी जमलीय. एलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या हलत्या फळीच्या) पुशरॉडचे रॉड एंड मात्र वेगळेच दिसतात: बॉल आणि बाहेरच्या रिंगच्या मधे काळपट-पिवळट पातळ थर आहे, ग्रीस निपल नाही. त्यावर कोणीतरी कधीतरी ग्रीस थापलेलं आहे, त्यात धूळ बसून त्याचा सँडपेपर झालाय.

हँगरमधले एक काका म्हणतात, "डब्ल्यूडी-४० मार, दोनदा हलव, विषय संपला." मॅन्युअलमध्ये जनरल पर्पज ऑइल, दर १००० तासांनी, असं लिहिलंय. तर तेल नक्की कुठे, ग्रीस कुठे, आणि कुठे काहीच नाही? सही इंजिनिअर सरच करणार आहेत, पण त्यांनी आधी अभ्यास करून ये म्हणून सांगितलंय.

---

बेलक्रँक

काकांना नमस्कार सांगा आणि डबा त्यांच्याकडेच राहू द्या. डब्ल्यूडी-४० मध्ये बहुतांश पेट्रोलियम सॉल्व्हंट आहे. पाणी हटवायला ते चांगलं, पण बेअरिंगमध्ये जे ग्रीस शिल्लक आहे तेही ते पातळ करून बाहेर आणतं. सॉल्व्हंट उडून जातं, मागे तेलाचा पुसट थर उरतो. दोन दिवस कंट्रोल लोण्यासारखे फिरतात, म्हणून लोकांना वाटतं जमलं. महिन्याभराने पहिल्यापेक्षा जास्त कोरडे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत नाही, कारण एकाच विमानात चार-पाच जातींची बेअरिंगं आहेत. हातात बाटली घेण्याआधी समोरचं बेअरिंग कोणत्या जातीचं आहे ते ओळखा.

पहिली जात, मेटल-टू-मेटल रॉड एंड. स्टीलचा बॉल, त्याला धरणारी स्टीलची किंवा ब्राँझची रिंग म्हणजे रेस, मधे बारीक फट दिसते. तुमचे एलरॉनचे हेच दिसतायत. यांना तेल लागतं. मॅन्युअलमधलं जनरल पर्पज ऑइल म्हणजे अमेरिकी लष्करी स्पेसिफिकेशन मिल-एल-७८७०, आता त्याला मिल-पीआरएफ-७८७० म्हणतात. एरोशेल फ्लुइड ३ त्याच स्पेसिफिकेशनचं आहे. प्रमाण: इंजेक्शनच्या सिरिंजला बोथट सुई लावून फटीत एका बाजूने एक थेंब, बॉल सगळीकडे कलवून फिरवा, दुसर्‍या बाजूने एक थेंब, परत फिरवा. बाहेर आलेलं सगळं पुसून टाका. दोन थेंबांच्या वर गेलात तर ते धूळ पकडायला. बाहेरून चकाकणारा रॉड एंड म्हणजे आळशी कामाची खूण.

दुसरी, टेफ्लॉनचं अस्तर असलेले रॉड एंड. तो काळपट-पिवळट थर म्हणजे विणलेलं पीटीएफई कापड, रेसच्या आत चिकटवलेलं. तेच त्याचं वंगण. याला तेल नाही, ग्रीस नाही, काही नाही. टेफ्लॉनचा पातळ थर घासून समोरच्या बॉलवर चढतो आणि मग टेफ्लॉनवर टेफ्लॉन सरकतं. मधे तेल आलं की तो थर धड बसत नाही, आणि तेलासोबत आलेली माती अस्तर कुरतडते. थापलेलं ग्रीस कोरड्या सुती कापडाने पुसून काढा. सॉल्व्हंटमध्ये बुडवू नका, अस्तराखालचा डिंक सुटू शकतो. पुसल्यावर खेळ बघा. अस्तराचे धागे कडेने बाहेर लोंबत असतील किंवा बॉल हाताला खडखडत असेल तर रॉड एंड गेला. त्याला दुरुस्ती नाही.

आणि मूळ विमानाला तिथे कोणता पार्ट नंबर होता तो पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघाच. पन्नास वर्षांत कोणी काय बदललंय याचा कागद लॉगबुकात सापडला पाहिजे.

तिसरी, सीलबंद बॉल बेअरिंग. पुलींमध्ये आणि काही बिजागरांवर असतात. एअरफ्रेमच्या बॉल बेअरिंगमध्ये बहुधा केज (गोळ्या वेगळ्या ठेवणारा पिंजरा) नसतो, गोळ्या ठासून भरलेल्या असतात, कारण त्यांना गरगर फिरायचं नसून थोडंसं इकडे-तिकडे डुलायचं असतं. ग्रीस कारखान्यातून भरलेलं येतं. सील उचकटून सुईने ग्रीस भरणारे लोक आहेत. सील परत नीट बसत नाही, पुढच्या पावसाळ्यात पाणी आत. खरखरलं तर बदला.

चौथी, बेलक्रँकमधली, म्हणजे ओढीची दिशा बदलणार्‍या तरफेतली, नीडल बेअरिंगं (गोळ्यांऐवजी बारीक सळया). इथे ग्रीस, आणि कोणतं ते मॅन्युअलच्या ल्युब्रिकेशन चार्टवरच्या अक्षरांवरून. निपल असेल तर हाताची ग्रीस गन. हवेवर चालणारी नको, सील उडतं. हळूहळू दाबत जा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नव्या रंगाचं दिसायला लागलं की थांबा. निपल नसेल तर खोलून धुऊन भरायचं.

पाचवी, ऑइलाइट, म्हणजे तेल मुरलेली सच्छिद्र ब्राँझची बुश. हिला तेलच. ग्रीस लावलं तर छिद्रं बुजतात आणि बुश स्वतःचं तेल सोडायचं थांबते.

---

शिकाऊ_ओझर

सर, फार उपयोग झाला. हँगरमध्ये ग्रीसचे तीन डबे आहेत: एरोशेल ७, २२ आणि ३३. जुन्या नोंदीत नुसतं "ग्रीस लावले" एवढंच. यातलं कोणतं कशावर चालेल? आणि तांबूस भुकटीचं काय करायचं?

---

गोदाकाठ

नाव सारखं, पोटात वेगळं, म्हणून सावध. एरोशेल ७ आणि ३३ ही दोन्ही मिल-पीआरएफ-२३८२७ मध्ये येतात, पण ३३ टाइप वन आहे, म्हणजे त्यातलं तेल धरून ठेवणारं जाडक लिथियम साबणाचं. ७ टाइप टू आहे, चिकणमातीच्या जाडकाचं. २२ म्हणजे मिल-पीआरएफ-८१३२२, तेही चिकणमातीचंच, पण त्यातलं तेल वेगळं. साबणाचं आणि मातीचं ग्रीस एकत्र आलं की एक तर मिश्रण पातळ होऊन गळतं, नाहीतर घट्ट होऊन तेल सोडून देतं. म्हणजे आत आधी काय आहे ते माहीत नसेल तर वरून भरणं हा उपाय नाही. खोलायचं, मिल-पीआरएफ-६८० प्रकारच्या सॉल्व्हंटने धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग एकाच जातीचं भरायचं. आणि लॉगबुकात ग्रीसचं नाव, स्पेसिफिकेशन, बॅच नंबर. "ग्रीस लावले" ही नोंद नव्हे.

पेट्रोलने धुऊ नका. आगीचा धोका आहेच, शिवाय वाळल्यावर मागे जे राहतं ते नको असतं.

थंडीतल्या फरकाबद्दल: ७ आणि ३३ दोन्ही उणे ७३ अंशांपर्यंत, २२ उणे ६५ पर्यंत. निफाडला थंडीत पारा पाच-सहाच्या खाली गेला तरी यातलं एकही ग्रीस घट्ट होणार नाही. हिवाळ्यात सकाळी कंट्रोल जड लागत असतील तर बहुतेक कोणीतरी मोटारीच्या चाकाचं ग्रीस भरलंय, किंवा जुन्या ग्रीसमधलं तेल निघून जाऊन नुसता साबण उरलाय. नखाने खरवडून बघा, मेणासारखा तुकडा पडतो.

तांबूस भुकटी म्हणजे फ्रेटिंग. विमान उभं असताना वार्‍याने कंट्रोल सरफेस थरथरतात, बेअरिंग जागच्या जागी एक-दोन अंश हलत राहतं. त्या टीचभर जागेतून वंगण बाजूला होतं, धातू धातूवर घासतो, बारीक कण सुटतात आणि गंजून लाल होतात. हीच भुकटी मग घासपावडरचं काम करते. म्हणून तेल आधी टाकू नका, नाहीतर तिचं पेस्ट होऊन आत जाईल. आधी कोरड्या कापडाने आणि मऊ ब्रशने काढा, रॉड एंड खोलता येत असेल तर खोलून सॉल्व्हंटने, मग तेल. बॉलवर खड्डे किंवा पट्टे उमटले असतील तर तो बदलाच. उपाय साधा आहे: उभ्या विमानाला कंट्रोल लॉक, आणि आठवड्यातून एकदा तरी सगळे कंट्रोल टोकापासून टोकापर्यंत दहा वेळा.

---

कॉटरपिन

वंगणाची चर्चा छान चाललीय, पण मध्यावर अडकून सुटणारा योक हा रॉड एंडचाच दोष आहे हे कोणी सिद्ध केलं? आधी जागा शोधा.

मासळीबाजारातला असतो तसला साधा स्प्रिंग काटा योकला अडकवा. हळू ओढत मागे आणा आणि आकडा बघा. मग तेवढ्याच सावकाश पुढे जाऊ द्या, पुन्हा त्याच जागी आकडा बघा. समजा ओढताना ३.५ किलो आणि सोडताना १.५ किलो. फरक २ किलो, त्याचा अर्धा म्हणजे १ किलो हे घर्षण. उरलेले अडीच किलो एलेव्हेटरचं वजन. वंगणाने फक्त तो एक किलो कमी होणार, बाकीचं नाही. हे न करता लोक "अजून जड आहे" म्हणत तेल ओतत बसतात.

आता मागे शेपटीत बेलक्रँकपासून एलेव्हेटरचा पुशरॉड सोडा. एलेव्हेटर खाली पडेल, आधी एकाला धरायला लावा. एलेव्हेटर हाताने वर-खाली करा: मोकळा असेल तर बिजागरांचा दोष नाही. मग योक हलवा: तरीही अडकत असेल तर दोष पुढे, केबल, पुली किंवा कॉलममध्ये. पॅनलमधून बाहेर येणारी योकची नळी बर्‍याचदा खरी गुन्हेगार असते. तिच्यावर हाताचा घाम आणि धूळ यांचा थर बसतो. कोरड्या कापडाने पुसा. तेल लावलंत तर तो थर अजून लवकर जमतो.

पुलींकडे टॉर्च मारून बघा. केबल हलते पण पुली फिरत नाही, असं असेल तर पुलीच्या खोबणीत एकाच जागी सपाट घासलेलं दिसेल. बेअरिंग अडकलेल्या पुलीची ही खूण. पुली आणि बेअरिंग एकच पार्ट म्हणून बदला.

---

निफाडी_वारा

कॉटरपिन यांच्या मुद्द्याला जोड. केबलचं टेन्शन तपासल्याशिवाय कंट्रोल जड असल्याची तक्रार पुरी होत नाही. १७२ च्या बर्‍याच मॉडेल्समध्ये एलरॉनला ४० पौंड, एलेव्हेटरला ३० पौंड, दोन्हीला १० कमी-जास्त. तुमच्या सीरिअल नंबरचं मॅन्युअल प्रमाण.

विमानाचं अंग ॲल्युमिनिअमचं, केबल स्टीलची. ॲल्युमिनिअम अंशामागे जवळजवळ दुप्पट वाढतं. पाच मीटरच्या केबलला जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यात पत्र्याच्या हँगरमध्ये ४०, हा ३० अंशांचा फरक साधारण दीड मिलिमीटर ताण वाढवतो. थंडीत वरच्या मर्यादेला लावलेलं टेन्शन उन्हाळ्यात पुलींच्या बेअरिंगवर बसतं. टेन्शिओमीटर लावताना विमान किमान दोन तास सावलीत एकाच तापमानाला असू द्या. केबल गरम आणि अंग थंड असताना घेतलेला आकडा काही कामाचा नाही.

केबलला आणि ट्रिमच्या चेनला तेल लावू नका. मॅन्युअल म्हणतं, समुद्रकिनारी असाल तरच. आपल्यापासून समुद्र शंभर किलोमीटरहून लांब, पुसून कोरडी ठेवा. आणि पुसायला सुतीच कापड: तुटलेली तार असेल तर कापडाचा धागा अडकतो. उघड्या बोटाने तपासणार्‍याला टिटॅनसचं इंजेक्शन ठरलेलं. सॉल्व्हंटमध्ये केबल भिजवू नका, आतल्या पेडांमधलं मूळ वंगण निघून जातं आणि ती आतून गंजते.

---

शिकाऊ_ओझर

काट्याने केलं. पुशरॉड सोडल्यावर एलेव्हेटर मोकळा, योक तरीही अडकतो. केबिनच्या मागची एक पुली फिरत नाही, खोबणीत सपाट डाग आहे. म्हणजे दोष तिथेच होता.

एलरॉनची कुईकुई मात्र रॉड एंडला तेल देऊनही आहे. पियानो हिंजमधून (एलरॉनच्या लांब, सलग बिजागरीतून) येतेय असं वाटतं. ग्राफाइट चालेल का? आणि दोन रॉड एंड बदलायचे आहेत. अंबडच्या बेअरिंगच्या दुकानात हुबेहूब मापाचे मिळतायत, किमतीत दहावा हिस्सा.

---

बेलक्रँक

अंबडच्या रॉड एंडबद्दल: नाही. माप जुळणं वेगळं आणि पार्ट जुळणं वेगळं. धातू, अस्तर, बॉल दाबून बाहेर पडायला लागणारा जोर, यातलं काही बाहेरून दिसत नाही. विमानात बसणार्‍या पार्टसोबत रिलीज सर्टिफिकेट लागतं: आपला सीए फॉर्म १, युरोपचा इएएसए फॉर्म १ किंवा अमेरिकेचा एफएए ८१३०-३. ते नसेल तर तो ट्रॅक्टरला लावा.

ग्राफाइटबद्दल: सेसनाच्या मॅन्युअलमध्ये पियानो हिंजसाठी ग्राफाइट पावडर चालेल असं आहे. हिंज आधी स्वच्छ करा, पावडर फुंकणीने आत मारा, एलरॉन हलवा, जादा झटकून टाका.

---

गोदाकाठ

इथे माझं मत थोडं वेगळं. मॅन्युअलने परवानगी दिलीय हे खरं. पण ग्राफाइट आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये ओल आली की ॲल्युमिनिअमच गंजतं, ग्राफाइटला काही होत नाही. जून ते सप्टेंबर इगतपुरीच्या बाजूने येणारी हवा बघता, उघड्यावर किंवा गळक्या हँगरमध्ये उभ्या राहणार्‍या विमानाच्या हिंजमध्ये मी पावडर भरणार नाही. आधी हिंजची पिन वाकली आहे का बघा, पिनवर गंज आहे का बघा. कुईकुई बर्‍याचदा तिथून येते. साफ करून, पिन ठीक असेल तर त्याच ७८७० तेलाचे मोजके थेंब आणि मग पुसणं. धूळ धरेल, म्हणून दर तपासणीला पुसावं लागेल.

आणि प्रेशर वॉशर हिंजवर आणि बेअरिंगवर मारू नका. पाणी सीलच्या आत जातं, बाहेर यायला वाट नसते.

---

बेलक्रँक

ताई, कोरड्या हँगरसाठी मी माझ्या मतावर आहे. या हँगरची गळती ऐकून तुमचं बरोबर.

---

कॉटरपिन

रॉड एंड बदलणारच आहात तर काही गोष्टी. खोलण्याआधी रॉडची लांबी बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लिहा. १/४-२८ आट्याला एक पूर्ण फेरा म्हणजे ०.९ मिलिमीटर, तेवढ्याने एलरॉनचं रिगिंग (जुळवणी) हलतं. नवा रॉड एंड किती आत गेलाय ते रॉडवरच्या तपासणीच्या भोकातून बघा: सेफ्टी वायर आत गेली तर आटे पुरेसे बसलेले नाहीत.

चेक नट घट्ट करताना दोन्ही टोकांचे रॉड एंड एका रेषेत धरा. मग रॉड दोन बोटांत धरून स्वतःभोवती थोडा फिरवून बघा. दोन्ही बाजूंना सारखाच काही अंश फिरला पाहिजे. एका बाजूला लगेच अडला तर रॉड एंड तिरपे बसलेत, आणि एलरॉन टोकाला गेल्यावर बॉल रेसच्या कडेला टेकून जाम होईल. वंगणाच्या नावाने ओरडलेले अर्धे कंट्रोल या एका चुकीमुळे जड असतात.

नटाखाली रॉड एंडच्या भोकापेक्षा मोठा वॉशर आहे का बघा. बॉल रेसमधून निसटला तरी रॉड बोल्टवर अडकून राहावा म्हणून तो असतो. पार्ट्स कॅटलॉगच्या चित्रात असेल आणि विमानावर नसेल तर कोणीतरी खिशात टाकलाय. बोल्ट फिरत असेल तिथे नुसता नायलॉक नट चालत नाही, खाचेचा नट आणि कॉटर पिन. एएन३ बोल्टवर पातळ एएन३२० नट असेल तर टॉर्क १२ ते १५ इंच-पौंड, फक्त. हाताच्या अंदाजाने पाना मारणारा हमखास दुप्पट देतो आणि रॉड एंड धरणारा फोर्क आवळून पुन्हा कंट्रोल जड करतो. कॉटर पिन दर वेळी नवी.

शेवटी प्रोट्रॅक्टर लावून एलरॉनचा प्रवास मोजा, बहुतेक १७२ ना वर २० आणि खाली १५ अंश. योक डावीकडे, डावा एलरॉन वर, हे बाहेर उभं राहून दुसर्‍या माणसाने बघायचं. कंट्रोल सिस्टम सोडली म्हणजे डुप्लिकेट इन्स्पेक्शन (दुसर्‍या माणसाकडून पुन्हा तपासणी) आलंच. प्लेट बंद करण्याआधी ते करून घ्या, नाहीतर स्क्रू परत काढावे लागतात.

---

शिकाऊ_ओझर

समजलं दादा. एकच राहिलं. अडकलेल्या पुलीवरून गेलेली एलेव्हेटरची केबल बदलावी लागेल का? तुटलेली तार नाही, पण पुलीच्या जागी बाहेरच्या तारा चपट्या, चकाकत्या दिसतात.

---

निफाडी_वारा

टेन्शन सैल करून केबल पुलीवरून उतरवा आणि त्या जागी हलकेच वाकवून बघा. ताणलेल्या केबलमध्ये तुटलेली तार पेडात दबून बसते, वाकवली की वर येते. पुलीवर, फेअरलीडमध्ये (केबलला वाट देणार्‍या कडीत) किंवा स्वेज केलेल्या, म्हणजे दाबून बसवलेल्या, टोकापासून ३० सेंटिमीटरच्या आत एक जरी तार तुटलेली सापडली तर केबल बदलायची, तिथे चर्चा नाही. नुसती चकाकी असेल आणि शेजारच्या तारांमधली खाच अजून डोळ्याला दिसत असेल तर लॉगबुकात जागा मोजून लिहा, पुढच्या तपासणीला त्याच जागी बघा. खाच पुसली जाऊन तारा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत असतील तर पुलीबरोबर केबलही मागवा. टेन्शन परत लावताना टर्नबकलच्या (केबल ताणायच्या स्क्रूच्या) बॅरलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसणार नाहीत असं बसवा आणि सेफ्टी वायर नवी घाला.